बाविसाव्या मिनिटाला

त्या गुरुवारी आमचा किल्ला पडला तो माझ्यामुळे. निदान सगळ्यांना दिसलं ते तसंच.

खेळ कॉम्प्युटरवरचा, पाच विरुद्ध पाच. दोन्ही बाजूंना एकेक किल्ला, समोरच्याचा पाडायचा आणि आपला राखायचा. आमच्या संघात मी पाठराखीण, म्हणजे बाकीचे चौघं चढाईला गेले की दारात एकटी उभी राहणारी. त्या दिवशी त्यांचे दोघं भिंत चढून आत आले. पहिल्याला मी आडवा केला, दुसऱ्याकडे वळले आणि माझा पडदा थिजला. कानातला आवाज एकाच अक्षरावर घुटमळत राहिला. चित्र पुन्हा हललं तेव्हा मी जमिनीवर पडले होते आणि आमच्या बुरुजावर त्यांचं निशाण चढत होतं. सगळं मिळून एक सेकंद. या खेळात एक सेकंद म्हणजे झोपून उठण्याइतका वेळ.

"काकू, पुन्हा अडकलं?" एतूने विचारलं. एतू आमचा कप्तान, तेवीस वर्षांचा, योएन्सूला शिकतो.

"पुन्हा."

मग लाउरी म्हणाला, "मशीन अडकतं की हात अडकतो, काकू?" लाउरी आमच्यातला सगळ्यात तोंडाळ.

सगळे हसले. मीही हसले. पाचांत मीच मोठी, एक्केचाळीसची, बाकी सगळे पंचविशीच्या आतले; काकू म्हणतात ते प्रेमानेच. पण तासाभराने एतूचा वेगळा निरोप आला. पुढच्या शनिवारी दुपारी दोनला मोसमातला शेवटचा सामना होता. तो हरलो तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो. 'या वेळी तू बाहेर बसशील का? राखीव मुलगी तयार आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. माझे बाबा पण म्हणतात, चाळिशीनंतर माणूस जरा मंदावतो.'

मला राग यायला हवा होता. आली ती भीती. मी कोत्काच्या बंदरात कंटेनर उचलणारी क्रेन चालवते. चाळीस मीटर उंचीवर काचेच्या पेटीत बसायचं आणि दोन दांड्यांवर दोन हात ठेवून वीस टनांचा डबा जहाजावर अलगद टेकवायचा. माझं पोट या हातांवर चालतं. दुसऱ्या दिवशी पाळीवर मी पहिल्यांदाच डब्याकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. खालून माणूस रेडिओवर म्हणाला, "विर्पी, झोप लागली का गं?"

अडकण्याचं दुखणं सुरू झालं होतं जानेवारीत. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. खेळ मध्येच गचके खायचा, थिजायचा, पुन्हा धावायचा. मी करायचं ते सगळं केलं होतं. जुने प्रोग्राम काढले, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर बदलले, चित्राचा दर्जा इतका उतरवला की झाडं कोबीसारखी दिसायला लागली. सगळं पुसून नव्याने भरलं. नवी मेमरी घातली. गावातल्या दुकानात दोन दिवस ठेवलं, त्यांनी 'आमच्याकडे नीट चालतं' म्हणून परत दिलं. माझा धाकटा भाऊ यार्को ताम्पेरेला एका मोठ्या कचेरीचे कॉम्प्युटर सांभाळतो. तो दर फोनला नवी पाच औषधं सांगायचा आणि मी पाचही एका दमात करायची. कधी बरं वाटायचं, कधी वाईट. कशाने बरं वाटलं ते देवच जाणे. शेवटी मी हात टेकले होते.

रविवारी आई आली. बाजारचौकातून मुरंबा भरलेले गोड वडे घेऊन आली होती, कागदी पिशवीला तुपकट डाग पडले होते. माझ्या आईचं नाव राइली. कागद गिरणीत एकतीस वर्षं फिटर होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या घरात शिरली की आधी फ्रिजचा आवाज ऐकते आणि मग माणसांना नमस्कार करते.

कॉफी पिताना मी तिला सगळं सांगितलं. एतूचा निरोपही वाचून दाखवला. मला वाटलं ती म्हणेल, खेळच तर आहे, सोडून दे. ती वडा संपवून बोटं पुसत म्हणाली, "मग? मंदावलीयस का?"

"मला कसं कळणार?"

"मोजलंस का?"

"काय मोजायचं, आई?"

"कधी अडकतं, किती वेळ अडकतं. मोजलं नाहीस तर तुझं ते नुसतं गाऱ्हाणं आहे. गाऱ्हाण्यावर मशीन थांबवत नाहीत." तिने पिशवीतून चौकटीची वही काढली. "बस. खेळ. मी आहे मागे."

आई स्टुलावर बसली, हातात तिचं मनगटी घड्याळ. पडद्यावर काय चाललंय यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मध्येच एकदा तिने विचारलं, "तो हिरवा कोण?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "बरी दिसतेस." बाविसाव्या मिनिटाला पडदा थिजला. तिने लिहिलं. मग चोविसाव्याला, मग पंचविसाव्याला, मग दर मिनिटाला. मी उठले, मशीन बंद केलं, अर्धा तास थांबून पुन्हा सुरू केलं. पुन्हा बावीस.

"दमून अडकतंय हे," आई म्हणाली. "सुरुवातीला ताजंतवानं असतं. आणि ऐक, पोरी. माणूस मंदावला तर पहिल्या मिनिटालाही मंदच असतो. बरोब्बर बाविसाव्याला म्हातारी होणारी बाई मी तरी पाहिली नाही."

मी हसले खरी, पण नंतर भांडी घासताना माझे डोळे भरून आले. गेले दोन महिने मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिने दोन अटी घातल्या. एका वेळी एकच बदल करायचा. आणि केलेलं सगळं लिहायचं, चुकलेलंही.

सोमवारी माझी सकाळची पाळी होती, अडीचला घरी आले तर आई दारात उभी. कोटाच्या खिशात लांब पेचकस. मी कॅबिनेटची बाजू उघडली. तिने पेचकसाचं टोक एकेका पंख्याच्या बैठकीला टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. गिरणीत ती अशीच ऐकायची, फक्त तिथे लोखंडी सळई असायची. बाबा सांगायचे, शहाऐंशी साली गिरणीच्या फिटरांत ती एकटी बाई होती. एकदा तिने सळई लावली आणि म्हणाली, मशीन थांबवा, सुकवणाऱ्या रोळाचं बेअरिंग कामातून चाललंय. मुकादम म्हणाला, बाईमाणसाच्या कानावर आम्ही दोन मजली मशीन थांबवायचं का? ती म्हणाली, माझ्या नावावर थांबवा. उघडलं तर आतल्या कडीला करंगळी जाईल एवढी भेग होती. आई स्वतः ही गोष्ट कधी सांगत नाही. कुणी काढली तर म्हणते, "भेग एवढी काही नव्हती."

"पुढचा खालचा पंखा खरखरतोय," ती म्हणाली. "बेअरिंग गेलंय त्याचं."

माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे होते, त्यातला एक बसवला. आवाज गेला. आम्ही दोघी खूश होऊन खेळायला बसलो. बाविसाव्या मिनिटाला पडदा थिजला.

आईने चष्मा वर केला आणि वहीत लिहिलं, 'पंखा बदलला. फरक नाही. माझा अंदाज चुकला. रा. के.' आणि खाली तारीख घातली.

"सही कशाला करतेस? इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

मंगळवारी तिने खिडकी उघडायला लावली. बाहेर मार्चची थंडी, आवारातल्या बर्फावरून येणारा वारा सरळ मानेवर. मी टोपी घालून खेळले. एकतीस मिनिटं. मग खिडकी लावून खोली तापू दिली आणि कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली. चाळीस.

"उष्णता," आई म्हणाली. "दुसरं काही नाही."

आम्ही यार्कोला व्हिडिओवर घेतलं. तो कचेरीतून घरी येऊन राईच्या पावावर चीज कापत होता. त्याने सगळं ऐकलं आणि आधीच तयार असलेलं उत्तर दिलं. "ताई, खेळताना कोपऱ्यात तापमान दिसतं ना? किती आहे?"

"प्रोसेसर चौसष्ट. ग्राफिक्स कार्ड एकाहत्तर."

"मग झालं तर. नव्वदच्या पुढे गेलं तर काळजी. उष्णता नाहीये. तुझं इंटरनेट तपास."

"खिडकी उघडली की नऊ मिनिटं जास्त चालतं," आई म्हणाली. "इंटरनेटला थंडी वाजते का?"

"आई, हे कागदाचं मशीन नाही."

"नाहीच. कागदाचं मशीन तुझ्या कचेरीएवढं असायचं." तिचा आवाज चढला नाही. "मला एवढंच सांग, हे जे आकडे आहेत ते कुठले?"

"प्रोसेसरचे आणि कार्डाचे."

"आणि त्यांच्या शेजारी जे आहे त्याचा आकडा?"

"शेजारी काही विशेष नसतं. तिथे मोजायला काही बसवलेलंच नाहीये या बोर्डावर."

"हं," आई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ उघड्या कॅबिनेटकडे बघत बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "तीस वर्षांत एक गोष्ट पाहिली. ज्या बेअरिंगवर तापमापक बसवलेला असतो ते सहसा जळत नाही, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जळतं ते शेजारचं." मग कोट घालून ती निघून गेली. वाटेतल्या पुलापर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाली.

बुधवारी ती दोन गोष्टी घेऊन आली. एक प्रश्न आणि एक पिस्तूल. पिस्तूल म्हणजे तापमान मोजायचं यंत्र. ट्रिगर दाबला की लाल ठिपका पडतो आणि ठिपक्याखालची वस्तू किती तापलीय ते दिसतं. निवृत्तीच्या दिवशी गिरणीतल्या साथीदारांनी तिला ते दिलं होतं. इतरांना घड्याळं दिली होती.

प्रश्न असा होता, "हे पळतं किती जोरात, त्याचा आकडा दिसतो का?"

दिसतो. मी तो कधी लावलाच नव्हता, तापमानावरच डोळा ठेवून बसले होते. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेगही कोपऱ्यात दिसेल असं केलं. खेळ सुरू केला. बाजू उघडी होती. आई कॅबिनेटपाशी गुडघे टेकून बसली आणि दर दोन मिनिटांनी ठिकठिकाणी ठिपका पाडत आकडे सांगू लागली. मी एका हाताने खेळत होते, दुसऱ्याने लिहीत होते, आणि त्या दिवशी आमचा हिरवा गडी किती वेळा मेला त्याची गणती नाही.

प्रोसेसरच्या डाव्या बाजूला एक बोटभर लांबीची धातूची पट्टी आहे. तिच्याखाली काळ्या चौकोनी तुकड्यांची रांग. प्रोसेसरला हवी तशी वीज तयार करून देणं हे त्यांचं काम, पण तेव्हा मला तेही नीट माहीत नव्हतं.

"ही पट्टी," आई म्हणाली. "दहाव्या मिनिटाला एक्क्याऐंशी."

विसाव्याला सत्त्याण्णव. तिसाव्याला एकशे सहा. प्रोसेसर आपला चौसष्टवर गार बसलेला.

"एकशे अकरा," आई म्हणाली. "एकशे बारा."

पडदा थिजला. आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला वेगाचा आकडा चार पूर्णांक दोनवरून शून्य पूर्णांक आठवर कोसळला. सेकंदभर तिथेच राहिला आणि पुन्हा वर गेला. मी बोट दाखवलं, आईला काही सांगावं लागलं नाही.

"जळायच्या आधी लगाम खेचतंय बिचारं," ती म्हणाली. "शहाणं मशीन आहे."

आम्ही पुढची तीन थिजणी तशीच पकडली. तिन्ही वेळा पट्टी एकशे बाराला, तिन्ही वेळा वेग कोसळला. मग आई उठली, गुडघे चोळले आणि विचारलं, "जानेवारीच्या आधी इथे काय वेगळं होतं?"

मी मनात मागे मागे गेले. नाताळात यार्को आला होता. त्याने मला भेट म्हणून पाण्यावर चालणारा कूलर दिला होता, महागातला, निळा दिवा असलेला, आणि दुपारभर खपून स्वतःच्या हाताने बसवून दिला होता. आधी प्रोसेसरवर साधा पंखा होता. तो प्रोसेसरवर वारा मारायचा आणि वाऱ्याचा उरलासुरला झोत आजूबाजूला पसरायचा. त्या पट्टीवरही. नव्या कूलरने उष्णता नळीतून वर नेली, प्रोसेसर खरंच गार झाला, आणि पट्टीवरचा वारा बंद झाला.

"यार्को," मी म्हणाले. दोन महिने त्याने मला फोनवर शिकवलेलं सगळं एका क्षणात आठवलं. "थांब, आत्ता लावते त्याला फोन. 'हे कागदाचं मशीन नाही' म्हणे."

"फोन ठेव."

"आई, दोन महिने मी..."

"ठेव म्हटलं ना. अजून दुरुस्त कुठे झालंय? नुसतं सापडलंय."

गुरुवारी तिने माझ्या बाल्कनीत दुकान मांडलं. खिडकीच्या मोडक्या पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी होती, ती कापली, माझ्या स्वयंपाकघरातल्या लाटण्यावर वाकवली आणि उरलेला छोटा पंखा तिला जोडला. मग कानशीने कडा घासत बसली. थंडीने तिची नखं निळी पडली होती. मी म्हटलं, "आत असणार आहे ते, आई. कडा कोण बघणार?"

"पुढच्या खेपेला हात घालशील तेव्हा बोट कापलं की बघशील."

पंखा बसवला, त्या तापणाऱ्या पट्टीवर तिरका, वायर व्यवस्थित बांधून. झाकण लावलं, खिडकी लावली, हीटर चालू. मी बसले. बावीस मिनिटं झाली. तीस. चाळीस. झाकण लावल्यावर पिस्तूल आत पोचत नव्हतं म्हणून आईने तासाने एकदा झटकन झाकण उघडून मोजलं. त्र्याहत्तर. दोन तास झाले, वेगाचा आकडा चार पूर्णांक दोनवरून हलला नाही. मी चित्राचा दर्जा चढवत गेले आणि कोबीची पुन्हा झाडं झाली. दोन महिन्यांत माझा हात असा मोकळा सुटला नव्हता. मनात आलं की पडद्यावर झालेलं असायचं, मध्ये कुणी नाही.

आईने वहीत लिहिलं, सही केली आणि म्हणाली, "आता लाव फोन."

मला वाटलं होतं मी बोलेन. तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकला आणि वही वाचून दाखवली. पहिल्या पानापासून. रविवार, बावीस मिनिटं. सोमवार, पंखा बदलला, फरक नाही, माझा अंदाज चुकला. मंगळवार, खिडकी उघडी, एकतीस. सगळे आकडे, एकही शब्द जास्तीचा नाही. पट्टीपाशी ती आली तेव्हा पलीकडे पाव खात असलेल्या यार्कोचं चघळणं थांबलेलं मला ऐकू आलं. तिने 'नवा कूलर' असं म्हटलं, 'तुझा कूलर' म्हटलं नाही.

मग तो म्हणाला, "तो मीच बसवला होता ना."

"हो. आणि चांगला बसवलायस. एकही स्क्रू ढिला नव्हता, नळीला कुठे मुरड नव्हती. मी सगळा तपासला. हात तुझा नीटच आहे. फक्त एक वारा कुठून यायचा ते लक्षात राहिलं नाही, ते माझ्याही लक्षात तीन दिवस आलं नाही."

"मी म्हटलं होतं शेजारी काही नसतं."

"म्हटलं होतंस."

"आई," तो म्हणाला, "ते पान मला पाठवशील? फोटो काढून. आमच्या इथे दोन मशिनं आहेत, तीही अशीच..." मग जरा घुटमळून, "आणि ते पिस्तूल कुठे मिळतं?"

आईने फोन ठेवला आणि काहीच झालं नसल्यासारखी कानशी पुसायला लागली. पण कान लाल झाले होते तिचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, ते मी लपवलंही नाही. मी पानाचा फोटो यार्कोला पाठवला, तोच एतूलाही पाठवला, खाली एकच ओळ लिहिली. 'उद्या दुपारी मला अर्धा तास दे.'

शुक्रवारी एतूने मला अर्धा नाही, दीड तास तपासलं. लाउरीला माझ्यावर सोडला, एकट्याला, पुन्हा पुन्हा. सात वेळा आला, सहा वेळा आडवा पडला. सातव्यांदा मी हसत होते म्हणून सुटला.

"काकू," लाउरी धापा टाकत म्हणाला, जणू खरंच धावला होता, "माझे शब्द परत घेतो."

"कुठले?"

"तुला माहितेय कुठले."

एतूने एवढंच म्हटलं, "उद्या दोनला. दारात तू."

शनिवारी सामना तीन डावांचा होता, दोन जिंकायचे. आई स्टुलावर बसली, या वेळी वहीशिवाय. पहिला डाव आम्ही हरलो. आणि तो खरोखर माझ्यामुळे हरलो. मी डाव्या दाराकडे गेले आणि ते उजवीकडून आले. पडदा थिजला नव्हता, आवाज अडखळला नव्हता, बाविसावं मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. मला नीट दिसत असताना मी चुकीचा अंदाज केला होता.

"अडकलं का?" एतूने घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "चूक माझी. मी डावीकडे गेले. पुढच्या डावात जाणार नाही."

हे सांगताना मला जितकं बरं वाटलं तितकं मोसमभर एकही सामना जिंकून वाटलं नव्हतं. चूक माझी असेल तर ती सुधारणंही माझ्याच हातात होतं. मागे आईने पाय बदलला, स्टूल करकरलं.

दुसरा डाव आम्ही जिंकलो, फारसं काही न होता. तिसरा लांबला. पन्नास मिनिटं झाली तरी दोन्ही किल्ले उभे. मग एतू बाकी तिघांना घेऊन पुढे निघाला आणि मला म्हणाला, "काकू, दोन मिनिटं धर." त्यांचे तिघं आले. तिघांना एकटीने अडवणं अवघड असतं, पण क्रेनवर मी रोज तेच करते, वारा, जहाज आणि डबा, तिघं तीन दिशांना हलणारे, आणि नजर एकावर न खिळवता तिघांवर ठेवायची. मी पहिल्याला जिन्यावर गाठलं. दुसऱ्याला वाट दिली आणि मागून घेतलं. तिसरा बुरुजावर चढला, निशाणाला हात घातला, आणि मी वळले. पडदा माझ्याबरोबर वळला. सरळ, सुळकन. त्याचा हात निशाणावरून सुटला तेव्हा पलीकडे त्यांचा किल्ला पडत असल्याचं एतू ओरडून सांगत होता.

चौघं एकदम बोलायला लागले, कुणाचंच काही कळेना. मी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यातून बारीक आवाज येतच राहिले.

"जिंकलात का?" आईने विचारलं.

"जिंकलो. वरच्याच गटात राहिलो."

"तो शेवटचा, भिंतीवरचा. तो तू घेतलास ना?"

"मीच."

"दिसलं मला," आई म्हणाली. ती उठली, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. "चांगलं काम केलंस." आमच्या घरात 'चांगलं काम' ही सहजासहजी मिळणारी गोष्ट नाही. बाबांना ती लग्नानंतर अकरा वर्षांनी मिळाली, असं तेच सांगायचे.

मग आम्ही सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापवला; शनिवारी तो तापवायचाच असतो. बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, गिरणीची आठवण येते का? तिने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ होईपर्यंत थांबली.

"आवाजाची येते," ती म्हणाली. "लोकांना वाटायचं नुसता गोंगाट आहे. मला त्यात चारशे बेअरिंगं वेगवेगळी ऐकू यायची." पळी बादलीत ठेवून ती पुढे म्हणाली, "चारशेच्या चारशे."

फुशारकी मारायचा आईचा स्वभाव नाही, एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने ही एकच मारली असेल, आणि तीही खरी होती. मी आणखी एक पळी पाणी टाकलं आणि आम्ही दोघी वाफेत मान खाली घालून बसून राहिलो.